भाग ३१ : म्हाताऱ्या मांजरीची गादी (संपूर्ण संहिता)

आजचा भाग शिवणकामावर आहे. हो, बरोबर ऐकलंत, शिवणकाम. मागचे दोन भाग बॅकएंडवर झाले, तेव्हा ज्यांना आज इथेच रजा घ्यायची असेल त्यांनी खुशाल घ्या, राग नाही. बाकीच्यांनी थांबा, कारण यात भूमिती आहे, थोडं जीवशास्त्र आहे, आणि घरातलं एक भांडणही आहे.

तर विषय असा, की मांजरीसाठी घरच्या घरी गादी कशी शिवायची. साधी मांजर नाही, म्हातारी मांजर. आमच्या घरी मांदेली नावाची मांजर आहे. रंगाने पिवळी-सोनेरी, म्हणून मांदेली. मासळी ओळखणाऱ्यांना लगेच कळलं असेल, बाकीच्यांनी तळलेली मांदेली एकदा खाऊन बघा, मग नावाचा अर्थ आणि आयुष्याचा अर्थ दोन्ही कळतील. मी अकरावीत असताना ती पिल्लू होती. आता ती चौदा वर्षांची आहे. माणसाच्या हिशोबात सत्तरी ओलांडलेली बाई.

जे मुंबई-पुण्यातून ऐकतायत त्यांच्यासाठी पत्ता सांगतो. पश्चिम रेल्वेने विरार सोडलं, वैतरणा ओलांडली, की सफाळे येतं. तिथून पश्चिमेला समुद्राकडे निघालात की शेवटी दातिवरे. वैतरणा जिथे समुद्राला मिळते तिथलं गाव. पलीकडे अर्नाळा दिसतो. आता जलसारहून विरारच्या बाजूला रो-रो सुरू झाली आहे, त्यामुळे बाइकवाल्यांची सोय झाली. मी आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला जातो आणि तीन दिवस घरून काम करतो. म्हणजे माझ्या कामाच्या खुर्चीवर तीन दिवस मी बसतो आणि चार दिवस मांदेली.

गेल्या हिवाळ्यात दोन गोष्टी झाल्या. एक, ती खुर्चीवर उडी मारायची बंद झाली. खाली उभी राहून वर बघायची, मागचे पाय दोनदा हलवायची आणि मग जाऊन लादीवर बसायची. दुसरी गोष्ट, पाणी खूप प्यायला लागली. पालघरला डॉक्टरांकडे नेली. रक्त तपासलं. किडन्या थकल्या आहेत. म्हाताऱ्या मांजरांमध्ये हे फार दिसतं. किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून ती जास्त होते, म्हणून पाणी जास्त लागतं. हा बरा होणारा आजार नाही, सांभाळायचा आजार आहे. आणि उडी बंद झाली ती सांध्यांमुळे. २००२ साली अमेरिकेत एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे बघितले होते, त्यातल्या ९० जणांच्या सांध्यांत झीज सापडली. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही. ती फक्त उडी मारायची थांबते आणि आपण म्हणतो, आळशी झाली.

डॉक्टरांनी औषध दिलं, खाणं बदलायला सांगितलं, आणि जाता जाता म्हणाले, झोपायला मऊ, गरम आणि कोरडं काहीतरी द्या. हेच तीन शब्द. मऊ, गरम, कोरडं. आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, ऑनलाइन मागव ना. बघितलं मी. हजार-दीड हजाराला मिळतात, फोटोत छान दिसतात. पण बहुतेकांचं कव्हर निघत नाही. मांजर रात्री त्यात ओली झाली तर अख्खी गादी धुवायची, आणि आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत ती तीन दिवस वाळत नाही. शिवाय सगळ्या बाजूंनी उंच भिंती. सांधे दुखणाऱ्या मांजरीला आत जाताना भिंत ओलांडायला लावायची, म्हणजे आजीला वरच्या मजल्यावर खोली देण्यासारखं. म्हणून शिवायचं ठरवलं.

मशीन आईची आहे, पायाची. खाऱ्या हवेने बाहेरून गंजली आहे, पण आत तेल घातलेलं असतं. मी तिच्यावर बसलो तर शेजारच्या काकांनी खिडकीतून विचारलं, काय रे, लाखाचा इंजिनिअर शिंपी झाला काय? मी म्हटलं, काका, तुम्ही काल दिवसभर बंदरावर काय करत होतात? जाळं शिवत होते ते. अख्ख्या किनाऱ्यावर दुपारी जा, दहा पुरुष मांडी घालून जाळं शिवत बसलेले असतात, पूर्वी शिडंही पुरुषच शिवायचे. नायलॉनचं शिवलं तर मर्दाचं काम आणि सुती शिवलं तर बाईचं, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

असो. आता मुद्द्यावर.

गरम म्हणजे नक्की किती गरम?

मांजरीच्या अंगाचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. आणि गंमत अशी, की ज्या तापमानाला मांजरीला स्वतःला गरम किंवा थंड ठेवायला जास्तीची ताकद खर्च करावी लागत नाही, ते आहे साधारण ३० ते ३८ अंश. म्हणजे आपण पंखा फुल करतो, 'काय उकडतंय' म्हणतो, तेव्हा मांजर म्हणते, आत्ता कुठे बरं वाटतंय. म्हणून ती राउटरवर बसते, सेट-टॉप बॉक्सवर बसते, लॅपटॉपच्या चार्जरला चिकटून झोपते. तिला तुमच्या कामात रस नाही, उष्णतेत आहे.

यावर मी थोडा विचार केला. आमच्या जुन्या घरात चूल होती. रात्री जेवणं झाली की निखारे राखेखाली झाकले जायचे, आणि मांजर वैलाजवळ राखेत अंग दुमडून झोपायची. सकाळी राखाडी होऊन यायची. जमीन शेणाने सारवलेली, ती लादीइतकी गार पडत नाही. मग घर बांधलं, गॅस आला, लाद्या आल्या. आपल्या सगळ्यांची सोय झाली. मांजरीचा गरम कोपरा तेवढा गेला आणि तो कोणी हिशोबात धरला नाही. तरणी मांजर जाऊन उंचावर बसते, तिचं चालतं. म्हाताऱ्या मांजरीला लादी हाच पर्याय उरतो.

आता कापड गरम करत नाही, हे लक्षात ठेवा. कापड फक्त हवा धरून ठेवतं. हवा जितकी अडकेल तितकी अंगाची ऊब बाहेर कमी जाईल. आणि याचं सगळ्यात चांगलं यंत्र आपल्याकडे आधीपासून आहे, त्याला गोधडी म्हणतात. जुन्या सुती कापडाचे थरावर थर, आणि त्यांना धरून ठेवणारा धावदोरा. प्रत्येक दोन थरांमध्ये हवेची पातळ चादर. शिवाय गोधडी फोमसारखी खोल दबत नाही. हे सांध्यांसाठी महत्त्वाचं, कारण फार मऊ गादीत मांजर रुतते आणि उठताना तिला मागच्या पायांवर जोर द्यावा लागतो. खाली घट्ट, वर मऊ, असं पाहिजे.

म्हणजे गोधडी. म्हणजे जुनं, शंभरदा धुतलेलं, विरत आलेलं सुती कापड. आणि असं कापड आमच्या घरात एकाच ठिकाणी होतं. आजीच्या पेटीत.

भांडण

आजी जाऊन तीन वर्षं झाली. तिची लुगडी पेटीत आहेत. नऊवारी, सुती, काठ झिजलेले. चांगली दोन-तीन आत्याने आणि काकूने नेली, उरलेली राहिली. मी आईला विचारलं, त्यातलं एक फाटकं देतेस का? आई काही बोलली नाही. पण त्या दिवशी आत्या आलेली होती. ती म्हणाली, आईचं लुगडं मांजराखाली घालणार तू?

मी लॉजिक लावायला गेलो. म्हटलं, पेटीत पडून कसर लागेल. आत्या म्हणाली, लागू दे. आता यावर काय बोलणार. 'लागू दे' याला उत्तर नसतं.

दोन दिवस विषय बंद होता. मग आईनेच पेटी उघडली. तिचं म्हणणं असं होतं, की लुगडं कधी लुगडं म्हणून संपतच नाही. नेसून विरलं की त्याचं बाळाचं दुपटं होतं, मग गोधडीत जातं, गोधडी फाटली की पायपुसणं, आणि शेवटी चुलीजवळचं फडकं, तवा उतरवायला. आजीने स्वतः तिच्या सासूची लुगडी अशीच संपवली होती. आणि शेवटच्या वर्षी आजी अंथरुणाला होती तेव्हा मांदेली तिच्या पायाशी, ह्याच लुगड्यांच्या गोधडीवर झोपायची. आत्याला हे माहीत आहे. तिला पटलेलं नाही. अजूनही नाही. पण तिने एक लुगडं वेगळं काढून स्वतःकडे घेतलं, आणि 'ते दुसरं घे, त्याला पदराला भोक आहे' एवढं म्हणाली. मी त्याला परवानगी समजलो.

आता इथे एक अतिशय महत्त्वाची तांत्रिक गोष्ट. पेटीत डांबरगोळ्या होत्या. डांबरगोळ्या मांजरांना विषारी असतात. नुसती गोळी खाल्ली तरच नाही, त्याचा वासही त्यांना बाधतो. मांजर अंग चाटते, म्हणजे गादीवर जे असेल ते अंगाला लागतं आणि अंगाचं पोटात जातं. बरेच पदार्थ आपलं यकृत सहज निकामी करून बाहेर टाकतं, पण मांजरीच्या यकृतात त्या कामाची यंत्रणा कमकुवत असते. म्हणून फिनेल, डेटॉल, कापूर, सुगंधी तेलं, हे सगळं मांजरीच्या अंथरुणापासून लांब. लुगडं मी साध्या साबणाने तीनदा धुतलं, आणि आठवडाभर उन्हात टाकलं. वास पूर्ण जाईपर्यंत कात्री लावली नाही. तुमच्याकडेही जुन्या कपाटातलं कापड असेल तर आधी नाकाला लावून बघा.

माप

मांजरीचं माप ती झोपलेली असताना घ्यायचं. जागी असताना टेप दाखवलात तर ती टेपशी खेळेल. अंगाचं वेटोळं करून झोपली की मांदेली साधारण ३६ सेंटीमीटर भरते. लांब पाय सोडले की ५५. म्हातारी मांजर थंडीत वेटोळंच करते, म्हणून मी गोल गादी धरली, ४५ सेंटीमीटर व्यासाची.

भोवती लोड हवा. लोड म्हणजे लोड-तक्क्यातला लोड, तोच. मांजरीला पाठ टेकायला काहीतरी लागतं, आणि आडोसा लागतो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांवर प्रयोग केला. काहींना लपायला खोका दिला, काहींना दिला नाही. खोकावाल्या मांजरी लवकर निवळल्या. तर आडोसा ही चैन नाही. पण आमच्या केसमध्ये दार पाहिजे, जिथून पाय न उचलता आत जाता येईल.

आता गणित करू. कागद घ्या.

व्यास ४५, म्हणजे परीघ ४५ गुणिले ३.१४, साधारण १४१ सेंटीमीटर. यातले २१ सेंटीमीटर दारासाठी सोडले. उरले १२०. हा लोडाचा पट्टा. शिवणीसाठी दोन्ही टोकांना दीड-दीड सेंटीमीटर माया ठेवायची. शिवणीच्या जास्तीच्या कापडाला मराठीत 'माया' म्हणतात, आणि माझ्या मते सगळ्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये टॉलरन्सच्या जागी हाच शब्द छापायला हवा. तर पट्टा १२३ लांब. रुंदी ४०. तो उभा दुमडून शिवला, मायेचे तीन गेले, की नळीचा घेर होतो ३७. त्याला ३.१४ ने भागा. साधारण १२ सेंटीमीटर जाडीचा लोड. मांजरीची हनुवटी टेकायला ही उंची बरोबर बसते.

तळाला दोन गोल चकत्या, माया धरून ४८ व्यासाच्या. कापडाचा पन्हा ११० असेल तर सव्वा मीटरमध्ये सगळं बसतं. ४० चा पट्टा एका बाजूने उभा कापा, उरलेल्या ७० मध्ये दोन चकत्या एकाखाली एक. कागदावर आखून घ्या, दुकानदार दीड मीटर गळ्यात मारेल.

तळाचं आणि लोडाचं कापड मी बोईसरला घेतलं. तारापूर एमआयडीसीत पडद्याचं आणि सोफ्याचं कापड विणणारे मोठे कारखाने आहेत, आणि बोईसरला एका दुकानात अशा जाड कापडाचे तुकडे वजनावर मिळाले. निवडताना एकच बघा : नखाने ओढून बघायचं. धाग्यांची वेटोळी वर आलेलं कापड नको, टॉवेलसारखं. त्यात नख अडकतं, आणि म्हाताऱ्या मांजरींची नखं झिजत नाहीत, ती जास्तच अडकतात. घट्ट, सपाट विणीचं घ्या. जुनी जीन्स असेल तर उत्तम, आणि फुकट.

भरायचं काय?

इथे माझं मत ठाम आहे. थर्माकोलचे मणी नको. कव्हर फाटलं की घरभर, आणि मांजरीच्या पोटातही. चिंध्या चालतात, पण त्या ओल धरतात. रेक्रॉन चांगलं, हलकं, लवकर वाळतं. आमच्याकडे जुन्या उशा होत्या, सावरीच्या कापसाच्या, तोच वापरला.

सावर तुम्ही बघितली असणार. काटेसावर. फेब्रुवारीत पानं नसतात आणि अख्खं झाड लालभडक फुलांनी पेटलेलं असतं, तांदुळवाडीच्या डोंगराकडे जाताना दिसतं. उन्हाळ्यात बोंडं फुटतात आणि कापूस उडतो. हा कापूस सूत काढायला निकामी, कारण तंतू आखूड आणि गुळगुळीत, एकमेकांना धरत नाहीत. म्हणून तो उशीतच जातो. पण त्या तंतूंवर मेणासारखा थर असतो आणि आत ते पोकळ असतात, म्हणून पाणी पटकन शिरत नाही. याच जातकुळीच्या झाडाचा कापूस पूर्वी बोटींवरच्या लाइफ जॅकेटमध्ये भरायचे. समुद्रावर जे तरलं ते मांजरीला पुरेल. एक काळजी घ्या, भरताना नाका-तोंडाला रुमाल बांधा, आणि जवळ काडी ओढू नका, हा कापूस भसकन पेटतो.

सावरीचा कापूस थेट लोडात भरायचा नाही. आधी मांजरपाटाच्या पिशव्या शिवायच्या. नावातच मांजर आहे, दुसरं कापड वापरणं बरं दिसणार नाही. ३० सेंटीमीटरच्या चार पिशव्या, सॉसेजसारख्या. त्या भरून, तोंड शिवून, लोडाच्या नळीत एकामागोमाग एक सरकवायच्या. धुवायच्या वेळी चारही बाहेर, कव्हर बादलीत. सगळं मॉड्युलर. एक पिशवी खराब झाली तर एकच बदलायची.

शिवणं

सुई सोळा नंबर, जाड कापड आहे. दोरा पॉलिस्टरचा. टाका जरा मोठा, तीन मिलिमीटर. बारीक टाक्याने जाड कापडाला नुसती भोकं पडतात.

आधी लोडाच्या पट्ट्याची दोन्ही टोकं दुमडून टीप मारा. मग पट्टा उभा मध्यावर दुमडा, सुलटी बाजू बाहेर. आता पहिली चकती सुलटी वर करून ठेवा, आणि दुमडलेल्या पट्ट्याच्या उघड्या कडा चकतीच्या कडेला जुळवत टाचण्या लावा. उशीला झालर लावतात तसंच. सरळ पट्टा गोलाला लावताना तो सुरकुततो, म्हणून कडेला दर तीन सेंटीमीटरवर कात्रीने लहान खाचा द्या, एक सेंटीमीटर खोल, त्याहून जास्त नाही. आणि डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. चकतीवर १२० सेंटीमीटरचा भाग आठ ठिकाणी खुणा करून वाटा, पट्ट्यावरही आठ खुणा करा, खूण खुणेला जुळवा. मग मधलं आपोआप बसतं.

वरून दुसरी चकती उलटी ठेवा. पट्टा दोन चकत्यांच्या मध्ये, सँडविचमधल्या काकडीसारखा. आता गोल टीप मारा, फक्त दाराचे २१ सेंटीमीटर सोडून. टीप दोनदा मारा, एकावर एक. मग त्या उघड्या जागेतून सगळं बाहेर ओढून उलटवा. हा क्षण खरंच मजेदार आहे, अर्ध्या मिनिटात चुरगळलेल्या बोचक्यातून आकार बाहेर येतो. दाराची कड आत दुमडून टीप. लोडाच्या दोन्ही तोंडांना दोन-दोन टिच बटणं. चेन मी लावली नाही, चेनचं टोक चावायला मांजरींना आवडतं. नाडी तर अजिबात नाही.

गादी वेगळी. लुगड्याचे आठ थर, ४४ सेंटीमीटरचे गोल, एकावर एक, आणि हाताने धावदोरा. बाहेरून आत, गोल गोल, दोन बोटांच्या अंतराने. यात एक अख्खा रविवार गेला. आई शेजारी बसून बघत होती, तिसऱ्या फेरीला तिने सुई हातातून घेतली आणि पुढच्या चार फेऱ्या तिनेच मारल्या. तिचे टाके एकसारखे आहेत, माझे नाहीत, कुठे कोणी सोडलं ते स्पष्ट दिसतं. वरचं कव्हर लुगड्याच्या पदराचं, मागे पाकिटासारखी झडप, म्हणजे बटणही नको. कव्हरं दोन. एक धुण्यात, एक वापरात.

दोरा. हे लक्ष देऊन ऐका.

बाकी सगळं विसरलात तरी चालेल. मांजरीच्या जिभेवर काटे असतात, आणि ते घशाच्या दिशेने वळलेले असतात. केस विंचरायला, हाडावरचं मांस खरवडायला ते कामाचे. पण दोरा एकदा जिभेवर गेला की तो फक्त आतच जातो. मांजरीला तो थुंकता येत नाही. त्याचं एक टोक जिभेच्या बुडाशी अडकतं, नाहीतर पोटाच्या तोंडाशी, आणि दुसरं आतड्यात पुढे जातं. आतडं त्या दोऱ्यावर नाडीसारखं गोळा होतं आणि दोरा त्याला आतून कापतो. मांजर उलट्या करते, खाणं सोडते, आणि वेळेत ऑपरेशन झालं नाही तर जाते. शिवणकामाचा दोरा, राखीचा धागा, मांजा, आणि आमच्यासारख्या गावात जाळ्याचा नायलॉन, सगळं सारखंच.

तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढायचं नाही. कितीही मोह झाला तरी नाही. ओढलात तर आतलं आतडं फाटेल. लोंबणारा दोरा तसाच ठेवून डॉक्टरकडे जायचं. आमच्यासारख्या ठिकाणाहून डॉक्टर म्हणजे सफाळे गाठा, गाडी बघा, पालघर, हा सगळा प्रवास आला. रात्री तर विचारूच नका. म्हणून न होऊ देणं हाच उपाय आहे.

माझी पद्धत अशी : मशीनवर बसताना खोलीचं दार बंद. सुया डबीत मोजून, सुरुवातीला बारा तर शेवटी बारा. टाचण्याही मोजून. कापलेला प्रत्येक दोरा लगेच झाकणाच्या डब्यात, जमिनीवर एकही नाही. शेवटी लादीवरून चुंबक फिरवायचा, जुन्या स्पीकरमधला. आणि तयार गादी मांजरीला देण्याआधी सगळ्या टोकांना गाठी मारून ती शिवणीत आत ओढून घ्यायची. दर आठवड्याला कव्हर धुताना बघायचं, कुठे उसवलंय का. उसवलं असेल तर त्याच दिवशी टाका.

मांजरीला ती आवडली का?

मला माहीत आहे, तुम्ही एवढ्यासाठीच थांबलायत.

पहिले तीन दिवस ती गादीच्या शेजारी झोपली. एकदा ज्या खोक्यातून सावरीच्या उशा काढल्या होत्या त्यात झोपली. मांजरवाल्यांना हे सांगायला नको. नवीन वस्तूला घरचा वास नसतो, आणि मांजरीचं जग नाकावर चालतं. मी माझा वापरलेला टी-शर्ट गादीवर टाकला आणि जागा बदलली. आधी ती दाराजवळ होती, तिथे रात्री वारा येतो. आता स्वयंपाकघराची भिंत, जिथे दुपारी पश्चिमेचं ऊन येतं आणि भिंत संध्याकाळपर्यंत कोमट राहते.

चौथ्या दिवशी ती दारातून आत गेली. पाय न उचलता. मग पुढच्या पंजांनी गादी तुडवायला लागली, कणीक मळल्यासारखी, डोळे अर्धे मिटून. पिल्लू असताना आईच्या दुधासाठी करतात ती हालचाल. आणि पंजांमध्ये वासाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे तुडवता तुडवता गादीवर तिचं नाव लागतं. मी लांबून बघत होतो, व्हिडिओ काढला नाही, मोबाइल चार्जिंगला होता. आईने मात्र बघितलं आणि टी-शर्ट हळूच काढून घेतला, म्हणाली, आता लागत नाही.

जास्त थंडी असेल त्या रात्री प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, जाड मोज्यात घालून लोडाला टेकवून ठेवतो. हाताला कोमट लागेल इतकंच गरम. आणि गादीचा अर्धा भाग मोकळा, म्हणजे नको असेल तर तिला सरकता येईल. म्हाताऱ्या मांजरीला चटका बसेपर्यंत कळत नाही. इलेक्ट्रिकची गरम पट्टी मी वापरत नाही.

पिसवांचा प्रश्न अनेकांनी विचारला होता. पिसवांची अंडी मांजरीच्या अंगावरून गळतात आणि अंथरुणात पडतात, म्हणून अंथरुण आठवड्याला गरम पाण्यात धुणं हा अर्धा इलाज आहे. उरलेला अर्धा डॉक्टरकडून. कुत्र्यासाठी आणलेलं पिसवांचं औषध मांजरीला लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजरीला झटके येतात आणि ती दगावू शकते. घरात दोन्ही असतील तर कुत्र्याला लावल्यावर वाळेपर्यंत दोघांना लांब ठेवा.

खर्च सांगतो. कापड दोनशे वीस रुपये, दोरा आणि बटणं साठ, मांजरपाट नव्वद. तीनशे सत्तर. लुगड्याची किंमत धरलेली नाही.

आत्या गेल्या रविवारी आली होती. गादीकडे बघितलं, पदराचा काठ ओळखला. काही बोलली नाही. चहा प्यायली आणि जाताना गादी भिंतीकडे हातभर सरकवली, तिथे म्हणे कवडसा जास्त वेळ राहतो. राहतो खरा, मी दुसऱ्या दिवशी बघितलं, वीस-पंचवीस मिनिटं जास्त.

मांदेलीचं वजन या महिन्यात कमी झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यात परत रक्त बघू. झोपते अठरा-अठरा तास, उठते, पाणी पिते, परत येते. पावसाळ्यात दोन कव्हरं पुरणार नाहीत असं आई म्हणते, वाळायला जागाच नसते, म्हणून तिसरं शिवायला घेतलंय, माझ्या कॉलेजच्या जीन्सचं. मापांचा कागद फोटो काढून या भागाबरोबर टाकतोय. तुमची मांजर मोठी असेल तर फक्त व्यास बदला, बाकी सगळं त्याच सूत्राने येईल. बोक्यांसाठी ५५ धरा.

पुढचा भाग पंधरा दिवसांनी. परत बॅकएंड.